क्षेत्र निरंक

नाक्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे.
लेनगुरे मॅडम त्यात माचिसा ठेवून घेतात.
पंधरा फेब्रुवारीपासून पंधरा जूनपर्यंत
जंगलात जाणाऱ्यानं आग बाहेर काढून ठेवायची,
चपला काढाव्यात तशी.

मोहाच्या टोपल्या उतरवून बाया परत निघतात,
तेव्हा आपापली माचिस बरोब्बर ओळखतात:
हिची कोपऱ्यात चावलेली, तिची तेल पिऊन मऊ झालेली,
शेवंताबाईच्या माचिशीत चारच काड्या.
"पाच होत्या," ती म्हणते.
रोज म्हणते.

मी चार महिन्यांचा माणूस.
रजिस्टरात फायर वॉचर, गावात फुंक्या,
पाठीवर ब्लोअर असतो म्हणून.
जाळरेषेवरचा पातेरा दोन्हीकडे उडवत जातो,
पेट्रोलचा वास जेवणातही येतो.
आणि मागं वळून पाहतो तर साग
झाडल्या जागेवर पुन्हा एक पान टाकतो,
सावकाश,
घाई फक्त मलाच आहे असं.

एप्रिलात पायाखाली जंगल पापडासारखं मोडतं.
दुपारी वारा उठला की मॅडम बोलणं थांबवतात,
आम्ही सगळे नाकानं ऐकतो.

रिक्षावरचा भोंगा गावोगाव सांगून गेला:
विडी टाकू नका, मोहाखाली पाला पेटवू नका,
तेंदूला फूट यावी म्हणून आग लावू नका.
शेवंताबाई भोंग्यालाच म्हणाली,
"मंग झाडून तू देतं काय?"
आणि खराटा घेऊन गेली.
तिचे चौदा मोह. कंबर एक.

बुधवारी साडेचारला मॅडमचा फोन वाजला.
कक्ष एकशे सत्तावीस, अक्षांश, रेखांश.
उपग्रहानं दुपारी दीडला पाहिलं होतं,
तीन तास जुनी आग म्हणजे डोंगर गेला असेल.
गाडी नाल्यापर्यंत, पुढं पळत,
हातात हिरव्या डहाळ्या, खांद्यावर कॅन,
माझा ब्लोअर पाठीत घुसलेला.
मग धूर दिसला. बारीक, उभा.
वणव्याचा धूर असा एका जागी उभा राहत नाही.

नाल्याच्या वळणावर दसरू तुलावी जळत होता.

दहा-अकरा माणसं. चितेभोवती
मातीपर्यंत खरवडलेला गोल,
माझ्या रेषेहून रुंद, माझ्या रेषेहून साफ.
कडेनं पाण्यानं भरलेले गुंड,
ओली पोती घेऊन उभी चार पोरं,
एकाचे डोळे सुजलेले, पण नजर ठिणग्यांवर.
एक म्हातारा पुढं आला.
"म्याडम, रेघ मारली हाये. मोजून घ्या."

टेप मॅडमच्या खिशात होती.
त्यांनी बूट काढले,
तापलेल्या मातीवरून एक गोल चालल्या,
एका जागी वाकल्या, तीन पानं उचलली,
आणि मुठीत धरून राहिल्या.

नियम असा की राख थंड होईपर्यंत जागा सोडायची नाही.
ते गेले असते तरी आम्ही थांबलो असतो.
ते गेले नाहीत.
रात्री कुणीतरी भाकर दिली, मिरची दिली.
विडी कुणी पेटवली नाही.
म्हातारा एकदाच बोलला, की दसरूला
पोटात दुखायचं, दवाखान्यात म्हणाले, पावसाळ्यानंतर या.
पहाटे अंधारात मोह गळायला लागले,
टप, मग बराच वेळ काही नाही, मग टप टप.
ऐकताना कळत होतं
कुठल्या झाडाखाली झाडलेलं आहे
आणि कुठं पातेऱ्यावर पडतंय.

नाक्यावर आल्यावर मॅडमनी फॉर्म भरला.
जळालेलं क्षेत्र: निरंक.
कारण, या रकान्यापाशी पेन थांबला.
छापील पर्याय पाच होते, मी पाठ केलेत:
मोह, तेंदू, विडी, शिकार, अज्ञात.
त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही,
चहाचं पातेलं धूत होतो.

संध्याकाळी सगळ्या बाया आपापल्या माचिसा घेऊन गेल्या.
डब्यात एक उरली.
सोमवारपासून असेल, निळ्या दोऱ्यानं बांधलेली.
हलवून पाहिली. भरलेली होती.
"राहू दे," मॅडम म्हणाल्या,
"पंधरा जूनपर्यंत."